दहा फुटांवरून

१२ जुलै २००४, सोमवार

आज नव्या जागी रुजू झालो. जागा म्हणजे कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या कडेचा कंटेनर डेपो: एक पत्र्याचं शेड, पुढे चिखलाचं मैदान आणि मैदानात रांगेने उभे कंटेनर. पंचतारांकित म्हणे! एक तारा दाखवा, मी राजीनामा देतो.

मुंबईला विमानतळावर लोकांच्या बॅगांतले मळके कपडे उपसून विटलो होतो, म्हणून बदली मागितली. आगीतून फुफाट्यात आलो. कस्टमचा इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना सोन्याची बिस्किटं आठवतात. माझ्या नशिबी भंगार. बंदरावर उतरलेले सीलबंद कंटेनर ट्रेलरवरून इथे येतात. इथे सील तोडायचं, माल तपासायचा, सही करायची, की माल फाउंड्रीच्या भट्टीकडे मोकळा. म्हणजे परदेशातून या मुलखात जे काही शिरतं त्याचं शेवटचं दार आमचंच. माझ्या सहीनंतर कुणी बघत नाही.

पहिल्याच दिवशी माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाचा माणूस गुळाची ढेप घेऊन आला. "सायेब नवीन आलाईसा, तोंड ग्वाड करा." मी ढेप त्याच्याच स्कूटरवर परत ठेवायला लावली. आमचा शिपाई पिराजी त्या ढेपेकडे फाटकापर्यंत बघत राहिला. या लोकांना लाज कशी ती नाही.

मग पहिला कंटेनर उघडला. आखातातल्या कुठल्याशा बंदरातून आलेला, कागदावर 'वितळवण्यासाठी लोखंडी भंगार'. दार उघडलं आणि जो भपकारा आला त्याने डोळ्यांत पाणी आलं. पाइप, जाळ्या, गाड्यांचे सांगाडे, त्यात अडकलेले लहान मुलांचे वापरलेले लंगोट, आणि एक फ्रिज. फ्रिजमध्ये मांस होतं. समुद्रावर महिनाभर उन्हात शिजलेलं मांस. मी शेडमागे जाऊन ओकलो. पिराजी पाणी घेऊन आला. म्हणाला, "सायेब, तुमी कशाला जवळ जाताय? चिमणाबाई हाय की."

१९ जुलै, सोमवार

आठवड्यात चार कंटेनर झाले. पद्धत बसली.

नियमाने मालाचा दहावा हिस्सा बाहेर काढून, पसरून, डोळ्यांखालून घालायचा असतो. पिराजीने माझ्यासाठी दारापासून दहा फुटांवर चुन्याची फक्की मारून दिली आहे. त्या रेघेवर मी रुमालाला बाम लावून उभा राहतो. चिमणाबाई आत चढते. ही संग्राम फाउंड्रीवाल्याची बाई, भंगार निवडणारी. पन्नाशीची, काटक, लुगड्याचा काचा मारलेला, हातात मोजे नाहीत, पायात कुणाचे तरी बूट. मी बोट दाखवतो, ती ते उपसून बाहेर टाकते. मग मी लिहितो: दहा टक्के माल काढून तपासला, कागदाप्रमाणे बरोबर आहे.

आज तिने वरून विचारलं, "सायेब, आत काय वाईट तर न्हाय न्हवं? माझं हात घालून ऱ्हाणं असतंय म्हणून इचारते."

"काही नाही," मी म्हणालो. "बघतोय ना मी."

"मग हरकत न्हाय." आणि ती परत आत वाकली.

घरी येऊन दोनदा अंघोळ केली. दीप्तीला म्हटलं, कपडे वेगळे भिजव, घाण वास आहे. तिने शर्ट नाकाशी धरला आणि म्हणाली, "अहो, कसला वास? फक्त बामाचा येतोय." बायकांना नाक नसतं.

८ ऑगस्ट, रविवार

नेसरीला वडिलांकडे गेलो होतो. आबा थकलेत, पण जीभ शाबूत आहे. विचारलं, नवीन जागेला काय करतोस. मी सगळं सांगितलं. फ्रिज, मांस, लंगोट, जरा तिखटमीठ लावूनच. वाटलं, म्हणतील पोराला त्रास आहे.

"आन् तू हात लावतूस त्याला?"

"मी कशाला लावू? बाई आहे एक. मी दहा फुटांवर उभा राहतो. तिथून दिसतं सगळं."

आबांनी अडकित्त्यात सुपारी धरली. मग म्हणाले, "छप्पनच्या आदी आमी गावची मेलेली ढोरं वडायचो. म्हस फुगून टम्म झाल्याली असायची. आमी दावं लावून वडायचो आन् गाव असंच हुबं ऱ्हायाचं. नाकाला धोतराचा सोगा लावून. दहा फुटांवर."

मी म्हटलं, आबा, ती गोष्ट वेगळी, ही सरकारी तपासणी आहे. ते म्हणाले, "व्हय की. येगळीच हाय."

म्हाताऱ्याचं काहीतरीच. त्यांच्या पिढीने ते दावं टाकलं, बौद्ध झाले, मला शिकवलं ते कशासाठी? मी परत घाणीत हात घालावा म्हणून? परतीच्या एसटीत चीड चीड होत होती. वर समोरच्या सीटवरचा पाहुणा कोल्हापूर येईपर्यंत खिडकीतून पिचकाऱ्या मारत होता.

२ सप्टेंबर, गुरुवार

आमचे सुपरिंटेंडेंट गणपतराव यांना एजंट मंडळींनी पन्हाळ्यावर मटणाचं जेवण दिलं. मलाही ओढून नेलं. गणपतरावांचा स्वभाव तसा गोड, म्हणजे कुणी भरवलं तर तोंड उघडणारा. बोटांनी नळी चोखत मला म्हणाले, "प्रसेनजीत, तुम्ही एवढे सोवळे राहिलात तर पोटात जंत होतील हो." सगळे हसले. एकाच्या मिशीला रस्सा लागला होता. मी बाहेर येऊन तटावर उभा राहिलो. एक घास खाल्ला नाही की एक घोट प्यालो नाही. गेल्या बारा वर्षांत कुणाचा चहासुद्धा घेतलेला नाही. त्या खोलीत हात स्वच्छ असलेला माणूस मी एकटा होतो, हे लिहायला मला काही संकोच वाटत नाही.

६ ऑक्टोबर, बुधवार

उत्तरेकडे एका कारखान्यात भंगारातले तोफगोळे भट्टीत फुटून माणसं दगावली. पेपरात रोज तेच आहे. कुठल्याशा युद्धातलं सामान भंगार म्हणून विकलं गेलं आणि जहाजात चढलं. वरून परिपत्रक आलं: यापुढे भंगाराची दहा नव्हे, शंभर टक्के तपासणी. सोबत गोळे कसे दिसतात याची चित्रं. पण प्रतीची प्रत काढून, तिची परत प्रत काढून इथे पाठवलेली. तो मेलेला उंदीर आहे की तोफगोळा, ब्रह्मदेवालाही कळू नये. मी 'पाहिले' लिहून सही केली आणि फाइल पुढे सरकवली.

गणपतरावांना विचारलं, एका दिवसात एक माणूस वीस-वीस टन शंभर टक्के कसा तपासणार? ते म्हणाले, "अहो, तपासायचं कोण म्हणतंय? लिहा."

म्हणून आज पहिल्यांदा लिहिलं: शंभर टक्के माल काढून तपासला. लिहिताना पेन जरा अडखळलं, हे खरं. पण चिमणाबाई तर सगळं उपसतेच की. तिचे हात सगळ्याला लागतात. मग तपासलं गेलंच, नाही का?

२१ ऑक्टोबर, गुरुवार. खंडेनवमी

संग्रामच्या फाउंड्रीत हत्यारांच्या पूजेला जावं लागलं. गणपतरावांचा हुकूम. मी पूजाअर्चा मानत नाही, त्यामुळे लांबच उभा होतो. चपला चिखलात, डोक्यावर पताका, स्पीकर कान फोडतोय, आणि एवढ्या-एवढ्या फरशीवर घण, सांडशी, पाने, साचे, सगळ्यांना हळदीकुंकू थापलेलं. मधोमध पाटावर एक पितळी दांडा उभा केलेला. हातभर उंच, मनगटाएवढा जाड, टोकाला निमुळता. चिंचेने घासून आरशासारखा लखलखीत, गळ्यात झेंडूची माळ. बायका त्याला वाकून नमस्कार करत होत्या. भंगारातून काहीही निघो, दिसलं चकचकीत की केला देव! हसावं की रडावं.

चिमणाबाई मला शोधत आली. नवं लुगडं, केसात शेवंती. "सायेब, बगितलासा? मला घावलं त्ये. मागच्या म्हयन्याच्या मालात. मी घासलं. दोन दिस घासत हुते. मालक म्हणालं, मधी ठेवा." मग जरा हळू, "पर काय असंल वो त्ये?"

मी तिथूनच बघितलं. "असेल एखाद्या पंपाचा भाग."

"पंपाचा व्हय," ती म्हणाली आणि लगबगीने बाकीच्या बायकांना सांगायला गेली. प्रसादाचा शिरा पुढे आला, तुपाने निथळणारा, त्यात माशी. मी घेतला नाही.

२४ नोव्हेंबर, बुधवार. पुणे

निघायची घाई आहे. तरी लिहितो.

पुण्यात दोन दिवसांचं प्रशिक्षण. आज सकाळी लष्करातले एक सुभेदार आले. टेबलावर हिरवं कापड अंथरून त्यांनी निकामी केलेले गोळे मांडले. पाचवा उचलला आणि मला तो झेंडूची माळ घातलेलाच दिसला. तोच. हातभर, मनगटाएवढा, टोकाला निमुळता. सुभेदार सांगत होते, टोकावर ठोका बसला तर केव्हा फुटेल सांगता येत नाही, कधी शंभर ठोक्यांनी नाही, कधी पहिल्याच.

बाहेर येऊन संग्रामला फोन लावला. तो दांडा कुठे आहे?

"त्यो व्हय? दिवाळीला चिमणाबाईला दिला की. मागूनच घेतला तिनं. चटणी कांडाय लई झ्याक हाय म्हणत हुती."

चटणी कांडायला. ती उखळात त्याने मिरच्या कांडते आहे. रोज. मी तिला पंपाचा भाग म्हणून सांगितलंय.

पिराजीला फोन केला. व्हरांड्यात चहाची सुट्टी झाली होती, चार जिल्ह्यांचे अधिकारी कप घेऊन माझ्याभोवती उभे. बाँब हा शब्द तोंडातून निघेना. निघाला असता तर सगळ्यांनी माना वळवल्या असत्या आणि मग विचारलं असतं, तपासणी कुणाची? मी एवढंच म्हणालो, "चिमणाबाईकडे पितळी दांडा आहे. आत्ता जा. तिच्याकडून काढून घे. वापरू देऊ नको." पिराजी म्हणाला, "व्हय सायेब, हे निघालोच."

आता मिळेल त्या गाडीने निघतोय.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी डेपोत पोचलो. माझ्या टेबलावर, फायलींच्या शेजारी, तो उभा होता.

पिराजी कौतुकाच्या अपेक्षेने दारात. "आणला की सायेब. बाई देईना, म्हणाली दुसरं मुसळ आणून द्या मग. लूनावरनं आणला, पिशवीत घालून." पिशवी खुर्चीला अडकवलेली होती, तिच्यात कोथिंबिरीची जुडी. कागलच्या त्या खड्ड्यांतून, लूनाच्या दांडीला लटकवून, त्याने तो माझ्यासाठी आणला. दांड्याच्या टोकाला लाल तिखट चिकटलेलं होतं.

मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. सगळ्यांना मैदानापलीकडे काढलं. मग बाँबशोधक पथक आलं, वाळूच्या पोत्यांत घालून घेऊन गेलं. पथकाच्या साहेबांनी विचारलं, "हा ज्या मालात आला तो बाकीचा माल कुठं आहे? तपासलाय का?"

मी तोंड उघडायच्या आत गणपतराव म्हणाले, "शंभर टक्के. रिपोर्ट आहे की." आणि ऑक्टोबरच्या मालाची फाइल पुढे केली. माझं अक्षर, माझी सही. साहेबांनी वाचलं, मान डोलावली आणि गाडीत बसले. गोळा मिळाला तो माल सप्टेंबरचा, तेव्हा नियम दहा टक्क्यांचा. पण त्याच कंपनीचे आणखी दोन कंटेनर ऑक्टोबरात आले, शंभर टक्क्यांच्या शेऱ्याचे. तिन्हींचा माल संग्रामच्या आवारात एकाच ढिगात पडलाय. रोज थोडा थोडा भट्टीत जातो.

गणपतरावांना एकटं गाठून म्हणालो, तो ढीग थांबवायला पाहिजे. ते म्हणाले, "थांबवा की. पत्र लिहा. कारण काय लिहिणार? माझी तपासणी खोटी होती?" मग खांद्यावर हात ठेवून, "अहो, गोळा आपणच शोधला असा रिपोर्ट जातोय. तुमचं नाव घातलंय मी. गप बसा."

तो हात खांद्यावरून झटकावासा वाटला. झटकला नाही.

संग्रामला तोंडी सांगितलं, तो ढीग बाजूला ठेव, मी बघतो काय करायचं ते. म्हणाला, "ठेवतो साहेब, काळजीच सोडा."

२९ नोव्हेंबर, सोमवार

पेपरात नाव आलं. 'दक्ष कस्टम अधिकाऱ्यामुळे अनर्थ टळला.' दीप्तीने कापून ठेवलं. शेजारी पेढे मागायला आले. त्यांचे दात बघून मी आत निघून गेलो.

पत्र अजून लिहिलं नाही. आज दोनदा कागद घेतला. पहिलं वाक्य लिहिलं की दुसरं माझ्याविरुद्धच जातं. उद्या लिहीन.

१ डिसेंबर, बुधवार

लिहिलं नाही. संग्रामचा फोन लागत नाही.

४ डिसेंबर, शनिवार

झालं.

काल संग्रामला मोठी ऑर्डर लागली आणि भट्टीला भंगार कमी पडलं. बाजूला ठेवलेल्या ढिगाचं त्याने मुकादमाला सांगितलंच नव्हतं. आज सकाळी दहाला चिमणाबाई ढीग निवडायला बसली. नळीत अडकलेलं काहीतरी सुटेना, म्हणून तिने हातोडी मारली.

मी आणि पिराजी कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तिला आत घेतलं होतं. उजवा हात मनगटापासून गेला. जीव वाचला. तिचा भाऊ आण्णा गावाकडून यायचा होता, दुसरं कुणी नाही. जमिनीवर फिनेल, त्याखालून रक्ताचा आणि जळलेल्याचा वास. दुपारी एक वॉर्डबॉय कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बाहेर आला. "चिमणाबाईचं कोण? ह्ये घ्या. पुराय लागतंय."

तो माझ्याकडे बघत होता, कारण माझे कपडे बरे होते. मी मागे सरलो. पाय आपसूक सरले. भिंत लागली तेव्हा थांबलो.

पिराजीने ते घेतलं. दोन्ही हातांत, तान्हं मूल घ्यावं तसं. एजंटांच्या ढेपेकडे बघत राहणारा पिराजी. मला म्हणाला, "सायेब, तुमी बसा. मी येतो करून." आणि गेला.

मी आज जेवलो नाही. रुमाल नाकाला लावला, तरी वास जाईना. अंघोळ केली, तरी जाईना.

१३ डिसेंबर, सोमवार

पोलिसांनी चिमणाबाईचा जबाब घेतला. मला प्रत दाखवली. तिने सांगितलंय: "माल सायबांनी बगितल्याला हुता. त्यो सायेब कुनाच्या चहाला शिवत न्हाय. मीच हातुडी मारली, चुकी माजी हाय."

त्यामुळे माझ्यावर काही नाही, असं गणपतरावांनी आनंदाने सांगितलं. फाइल तिच्या चुकीवर बंद होणार. म्हणजे तिला भरपाईही मिळणार नाही, हेही त्याच आनंदात सांगून टाकलं. त्यांच्या हनुवटीला पोहे चिकटले होते. पाच महिन्यांपूर्वी मी त्या पोह्यांवर पानभर लिहिलं असतं. आज आरशात बघितलं, तर तिथं त्याहून वाईट दिसलं.

१६ जानेवारी २००५, रविवार

सव्वीस जानेवारी हा कस्टमचा जागतिक दिवस. त्यानिमित्त सत्तावीसला पुण्यात समारंभ आहे. दक्षतेसाठी मला प्रशस्तिपत्र. पत्र आलंय.

नेसरीला जाऊन आबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "कशापायी देत्यात?"

मी सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, पहिल्यापासून. फक्कीची रेघ, शंभर टक्के, पंप, फोन, दवाखाना, भिंत. मला वाटलं शिव्या घालतील. त्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, "आमास्नी त्यो धंदा नको हुता, कारण आमच्यावर लादल्याला हुता. तुला तर तुझ्या मर्जीनं दिला, पगार देऊन. मग तू त्यो दुसऱ्याच्या अंगावर का टाकलास?" आणि पत्र माझ्या हातात परत दिलं. निघताना एवढंच म्हणाले, "त्या बाईला भेटलास का?"

भेटलो नव्हतो. दीड महिना झाला.

२७ जानेवारी, गुरुवार

पुण्याला गेलो नाही.

सकाळी डेपोत जाऊन निवेदन लिहिलं. जुलैपासूनच्या सगळ्या कंटेनरांचे नंबर घातले आणि प्रत्येकापुढे लिहिलं, मी हा माल दहा फुटांवरून बघितला, एकाही वस्तूला हात लावला नाही, रिपोर्ट खोटा आहे, दोष त्या बाईचा नाही. गणपतरावांनी वाचलं, त्यांचा चेहरा गव्हाच्या पिठासारखा झाला. म्हणाले, "अहो, भाषा जरा सौम्य करा." मी आवक-जावकच्या कारकुनाकडे जाऊन शिक्का मारून घेतला. एक प्रत पोलिसांना दिली. संध्याकाळपर्यंत निलंबनाचं पत्र येईल म्हणतात. येऊ दे.

तिथून चिमणाबाईच्या घरी गेलो. एमआयडीसीच्या पाठीमागे दोन खोल्या, पुढे उघडं गटार. गटारातून कोंबड्या चालल्या होत्या. ती दारात बसून डाव्या हाताने लसूण सोलत होती. पाकळी पायाच्या अंगठ्याखाली धरायची आणि सोलायची. मला बघून उठायला लागली.

"बसा, चिमणाबाई," मी म्हणालो. मीही खाली बसलो, तिथेच, मातीत. आणि सांगून टाकलं. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, "तुम्ही पोलिसांना सांगितलंत मी बघितलं होतं म्हणून. मी बघितलं नव्हतं. एकदाही नाही."

ती पाकळी सोलत राहिली. सोलून झाली तेव्हा ती वाटीत टाकली आणि म्हणाली, "मला ठावं हाय की सायेब. तुमी रेघंवर हुबं असायचासा, मी आतनं बगत हुते न्हवं."

"मग तसं सांगितलं का नाहीत?"

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, आश्चर्य होतं, मी हे कसं विचारतो याचं. "मला वाटायचं, तुमास्नी लांबनंच दिसत असंल. शिकल्याल्या माणसाला."

एक कोंबडी माझ्या बुटावरून गेली.

मग ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. डाव्या हातात, जरा सांडत. तांब्याला आतून हिरवट थर होता आणि काठावर लसणाचं साल चिकटलं होतं. मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यालो.